पाजताना चादर मुठीत धरावी लागते

ताई, माझी मुलगी नऊ दिवसांची आहे. ती छातीला लागली की मी चादर मुठीत घट्ट आवळून धरते, इतकं दुखतं. दोन्ही निपलना चिरा पडल्यात. संध्याकाळी तर ती दर अर्ध्या तासाने मागते. सासूबाई म्हणतात, दूध पुरत नाहीये, वरचं सुरू कर. जन्मतः वजन ३.१ किलो होतं, काल २.९५ भरलं. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात, शी पिवळी झालीये. रात्री पाजताना मीही रडते. मला हे जमणारच नाही का?

— एक नवी आई

तुझ्या पत्रातली ती चादरीची ओळ वाचून मी थांबलेच. नऊ दिवस, दिवसातून आठ-दहा वेळा तू हे सोसते आहेस, आणि वर विचारतेस की मला जमणार नाही का!

आधी दुधाचं बोलू, कारण तो घोर तुला जास्त पोखरतोय. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच. तुझ्या लेकीचं दीडशे ग्रॅम कमी आहे, म्हणजे जन्माच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत. बहुतेक बाळं दहा ते चौदा दिवसांत ते भरून काढतात. सहा ओले लंगोट आणि पिवळी शी म्हणजे पोटात दूध जातंय. संध्याकाळी सारखं मागणं हे या वयाचं नेहमीचं वागणं. तेवढ्यावरून दूध आटलं असं धरू नकोस. सासूबाईंना लंगोट मोजून दाखव, काळजीपोटीच बोलत असतील त्या. दोन-तीन दिवसांनी पुन्हा वजन मात्र नक्की कर.

आता दुखण्याचं. सुरुवातीला क्षणभर कळ येणं वेगळं आणि चिरा पडणं वेगळं. ‘होतं असं, सवय होईल’ हे मला अजिबात पटत नाही. तिने तोंड सोडलं की निपलकडे नीट बघ. ते चपटं, एका बाजूला तिरकं दाबल्यासारखं दिसतंय का? तसं असेल तर ती नुसतं टोकच धरते आहे आणि ते तिच्या जिभेच्या व कडक टाळूच्या मध्ये चेपलं जातंय. खूप आत, मऊ टाळूपर्यंत गेलं की चेपायला काही उरत नाही.

यासाठी तिला पोटाशी पोट लावून घे, मान वळवावी लागता कामा नये. तिचं नाक निपलसमोर ठेव, ओठ नाही. वरच्या ओठाला हलकेच स्पर्श कर आणि वाट बघ. जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडलं की तिला झटकन छातीशी आण. तू तिच्याकडे वाकू नकोस. हनुवटी आधी टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर उलटलेला हवा, आणि निपलभोवतीचा गडद भाग खालून जास्त आत गेलेला हवा. तरी दुखलं तर ओढून काढू नकोस. करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकव, पकड सुटेल, मग पुन्हा लाव. पहिल्या दिवशी चार-पाचदा करावं लागेल, कंटाळा येईल, तरी कर.

पाजून झाल्यावर दोन थेंब दूध निपलवर लावून वाळू दे. एखाद्या वेळी अगदीच सहन झालं नाही तर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने पाज. तेही तुझंच दूध आहे.

एक-दोन दिवसांत फरक पडला नाही तर स्तनपान सल्लागाराला किंवा बालरोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष पाजताना दाखव. जिभेखालचा पडदा आखूड असला तरीही असं दुखतं, आणि ते तोंड तपासल्याशिवाय कळत नाही. त्यांनी काही दिवस वरचं दूध द्यायला सांगितलं तर द्यायचं, त्यात तुझं काही चुकलं असं नाही. छातीचा भाग लाल, गरम झाला आणि ताप आला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. त्या बाजूचं पाजणं थांबवू नकोस.

आणि ते रात्रीचं रडणं. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे पुष्कळ जणींना असं भरून येतं. त्यानंतरही ओसरलं नाही तर तुझ्या डॉक्टरांना सांग. पण बाळ झोपलं तरी तुला झोप लागेना, किंवा स्वतःला वा बाळाला काही करावंसं वाटलं, तर लगेच सांग, चौदाव्या दिवसाची वाट न बघता. आज रात्री पाजून झालं की बाळाला ढेकर काढायला आणि लंगोट बदलायला नवऱ्याकडे दे, आणि तू झोप.