६.४ सीजीपीएवालीला पत्र

अगं,

परवा रात्री पाठवलेली तुझी सगळी मार्कशीट्स नीट बघितली. ६.४ सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची १० पैकी सरासरी, एम थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, दोनदा राहिलेला, थर्ड इयरपासून मात्र चढत गेलेलं. आणि डेक्कनच्या त्या कौन्सिलरनं तुला पाच मिनिटांत सांगून टाकलं की परदेशातल्या टॉपच्या युनिव्हर्सिटीज विसर, ह्या आठ सेफ आहेत. मला रागच आला, कारण तुला हवामानाच्या मॉडेलिंगमध्ये जायचंय हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

पण काही ठिकाणी खरंच जमणार नाहीये, ते आधी बघून घे म्हणजे अर्जाच्या फीचे पैसे वाचतील. जर्मनीत आपले मार्क त्यांच्या स्केलवर आणतात: कमाल वजा तुझे, भागिले कमाल वजा पासिंग, गुणिले तीन, अधिक एक. १० पैकी ६.४ आणि पासिंग ४ धरलं तर तुझं २.८ येतं, तिकडे १ सगळ्यात चांगला, त्यामुळे जिथे २.५ ची अट स्पष्ट लिहिलीये तिथे पाठवू नकोस. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ४ पैकी ३ किमान म्हणतात, पण तिकडे डिपार्टमेंटची कमिटी अख्खा अर्ज बघते. आणि ६.४ चं चारच्या स्केलवर तू स्वतः काही करत बसू नकोस, बरेच जण मार्क मूळ स्केलवरच मागतात.

आता एम थ्री. इथे मी तुला गोड बोलणार नाही. डिफरन्शियल इक्वेशन्स, व्हेक्टर कॅल्क्युलस, म्हणजे वातावरणाचं मॉडेल ज्यावर चालतं तेच सगळं त्या पेपरात आहे, आणि तू नेमकी तिथेच दोनदा अडकलीस, वाचणाऱ्याचं बोट बरोबर त्या ओळीवर जाणार. जीआरईला, म्हणजे त्या प्रवेशपरीक्षेला, ३४० पैकी ३२५ आणलेस तरी ती शंका जात नाही, कारण जीआरईचं गणित शाळेतलं असतं. तू एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवर, पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्सचा बारा आठवड्यांचा कोर्स कर, आणि सेंटरवर जाऊन परीक्षा दे, नुसते व्हिडिओ बघून सोडू नकोस. त्याच विषयात नंतरचे चांगले मार्क दिसले की जुन्या मार्कांचं वजन कमी होतं.

एसओपीमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या तुझ्या निबंधात, त्यावर दोन-तीन वाक्यं, बास. पहिली दोन वर्षं अभ्यास झाला नाही, का झाला नाही, नंतर काय केलं. खरं असेल तेच लिही. घरच्या आजारपणाची गोष्ट रचून घालतात काही जण, तू ते करायचं नाहीस.

सगळ्यात जास्त मला रेकोबद्दल, म्हणजे शिक्षकांच्या शिफारसपत्रांबद्दल, बोलायचंय. आपल्याकडे विभागप्रमुख म्हणतात, तूच टाइप करून आण, मी सही करतो. मग तिन्ही पत्रांत तेच, सिन्सिअर, हार्डवर्किंग, पंक्चुअल, आणि भाषा तिन्हीकडे तुझीच. कमिटीला ते लगेच कळतं गं. माझे ग्रॅज्युएशनला ५४ टक्के होते, आणि मी पाषाणला एका लॅबमध्ये अडीच वर्षं प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काढली. तिथे एकदा माझ्या लक्षात आलं की सेन्सरचं कॅलिब्रेशन चुकलंय, म्हणजे चार महिन्यांची रीडिंग्ज वाया, माझीच. रात्रभर झोप नाही, सकाळी मॅडमना वही दाखवली आणि सांगून टाकलं, मग पुढचे दोन महिने बसून सगळं परत घेतलं. मॅडमनी माझ्या पत्रात तीच गोष्ट लिहिली, तारखांसकट. ॲडमिशन झाल्यावर तिकडच्या प्रोफेसरनी पहिल्याच भेटीत त्या वहीबद्दल विचारलं, ५४ टक्क्यांबद्दल कोणी बोललंच नाही.

म्हणून तू यंदा अर्ज करू नकोस असं मला मनापासून वाटतं. आयआयटीएम ही हवामान संशोधनाची सरकारी संस्था पाषाणलाच आहे, देशाचं मान्सूनचं संशोधन जिथे चालतं तिथपर्यंत तुला कोथरूडवरून स्कूटीनं जाता येतं! त्यांच्या आणि आयसर ह्या विज्ञान संस्थेच्या साइटवर प्रोजेक्टच्या जागा येतात त्या बघत राहा, जागा नसेल तर इंटर्नशिप मिळते का विचार. एक वर्ष कोणाच्या तरी समोर रोज काम कर, म्हणजे त्या माणसाला तुझ्याबद्दल लिहायला काहीतरी असेल. अमेरिकेत ह्या विषयात पीएचडीचा, काही ठिकाणी एमएसचाही खर्च बऱ्याचदा प्रोफेसरच्या ग्रँटमधून निघतो, त्यामुळे ही मुलगी माझं काम ओढेल का हे तो बघतोच. ईमेल करशील त्यांना तेव्हा दहा ओळींच्या वर नको, आणि त्यांचा पेपर खरोखर वाचून कर.

हो, तुझ्या त्या डेटा सायन्सवाल्या मैत्रिणीला सांग, कोलोरॅडो बोल्डरच्या ऑनलाइन एमएसला आधीची मार्कशीट लागतच नाही, ठरवून दिलेले तीन कोर्स सरासरी बी ग्रेडनं केले की प्रवेश. तुला तो रस्ता नको, तुला लॅब हवीये.

वर्ष वाया जाईल म्हणून आई रडली म्हणालीस. मी बोलते त्यांच्याशी, फोनवर नाही, घरी येऊन. तोवर गणेशखिंडला विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सगळ्या मार्कांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्ज टाकून ठेव, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात धावपळ नको, बऱ्याच डेडलाइन्स डिसेंबरात असतात. आणि रविवारी येशील तेव्हा फायनल इयर प्रोजेक्टची वही आण, खाडाखोड असलेलीच आण, फेअर केलेली नको.

तुझी ताई