वाचनालयात दर महिन्याला एक जुना मराठी सिनेमा दाखवायचा आहे. कोणते घ्यावेत, आणि तयारी काय लागते?

तुम्ही विचारलंय की बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावी वाचनालयाच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा जुना मराठी सिनेमा लावायचा आहे. पन्नासेक माणसं येतील, निम्मी साठीच्या पुढची, काहींना कन्नडच जवळचं. शाळेचा प्रोजेक्टर आणि मंडळाचा साउंड मिळतोय.

सिनेमांच्या याद्या तुम्हाला ढिगानं मिळतील. माझं म्हणणं एवढंच, की जुना मराठी सिनेमा आधी ऐकायचा असतो. अभंग, लावणी, गदिमांची गाणी, नाटकातून आलेल्या नटांची स्वच्छ उच्चारलेली वाक्यं, हे त्याचं बळ आहे. चित्र थोडं धूसर असलं तरी माणूस दोन तास बसतो. शब्द कळेनासे झाले की अर्ध्या तासात चपला शोधायला लागतो. म्हणून सिनेमा निवडतानाही आणि हॉल लावतानाही आवाजापासून सुरुवात करा.

पहिला खेळ मी सुलोचनाबाईंचा लावेन. सुलोचना लाटकर आपल्याच जिल्ह्यातल्या, निपाणीकडच्या खडकलाटच्या. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली त्या तयार झाल्या. हिंदीत नायकाची आई म्हणून देशभर ओळखल्या गेल्या, पण त्यांचं खरं काम मराठीत आहे. 'वहिनींच्या बांगड्या' (१९५३) घ्या, दिग्दर्शन शांताराम आठवल्यांचं. दुःखाच्या प्रसंगात त्या आवाज चढवत नाहीत, उलट खाली आणतात. ते मागच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे. खडकलाटचं नाव फलकावर मोठं लिहा, चिकोडी-निपाणीकडचे पाहुणे असतील तर तेही येऊन बसतील.

दुसरा 'संत तुकाराम' (१९३६). दामले-फत्तेलालांचा, प्रभात फिल्म कंपनीचा, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेलेला. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांबद्दल सगळेच बोलतात, तुम्ही लोकांना आवली झालेल्या गौरीकडे बघायला सांगा. आजारी पोराला ओढत आवली देवळात शिरते आणि हातातली वहाण थेट विठोबावर उगारते. नवरा गातोय आणि ही घरखर्चाचं बोलतेय, दोन्ही आवाज तितकेच खरे वाटतात. मराठी पडद्यावर संसारी बाईचं इतकं जिवंत काम फार थोड्या जणींनी केलंय. 'आधी बीज एकले' सुरू झालं की बरेच जण ते तुकोबांचं म्हणून हात जोडतील. ती रचना सिनेमासाठी शांताराम आठवल्यांनी केली, हे खेळानंतर सांगा, आधी नको.

तिसऱ्या महिन्यात हसवणारा हवा. राजा परांजप्यांचा 'लाखाची गोष्ट' (१९५२) कॉलेजच्या पोरांनाही धरून ठेवतो, कारण महिन्याभरात लाख रुपये खर्च करून दाखवायचे हा पेच कुणालाही समजतो. मग अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९). त्यातल्या हंसा वाडकर आणि जयश्री गडकर एकाच खेळात बघायला मिळतात, आणि जयश्रीबाई कारवारकडच्या, म्हणजे याही कर्नाटकात जन्मलेल्या. भालजींचा 'साधी माणसं' (१९६५) लोहाराच्या घरातला आहे. संगीतकाराचं नाव आनंदघन, म्हणजे स्वतः लता मंगेशकर. 'ऐरणीच्या देवा'मधला घणाचा ठोका स्वच्छ ऐकू आला तर तुमचा साउंड बसला असं समजा.

व्ही. शांतारामांचा 'कुंकू' (१९३७) माझा सगळ्यात आवडता, पण तो सुरुवातीला लावू नका. त्याला पार्श्वसंगीतच नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलंच, त्यात भिंतीवरचं घड्याळही आलं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या भूमिकेत केशवराव दाते आणि त्याला नवरा मानायला नकार देणारी शांता आपटे, यांच्यामधल्या शांततेवर तो उभा आहे. साउंडमध्ये घरघर असेल तर ती शांतता मरते. चार खेळ झाले, खोड्या निघाल्या, की लावा, आणि नंतर अर्धा तास बोलायला मोकळा ठेवा. बायका बोलतील.

कन्नड प्रेक्षकांसाठी 'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१). 'माणूस'मधल्या शांता हुबळीकर हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या, आणि त्यांच्या 'कशाला उद्याची बात' या गाण्यात वेगवेगळ्या भाषांतली कडवी आहेत. 'शेजारी'त बुद्धिबळ खेळणारे दोन म्हातारे मित्र, एक हिंदू, एक मुसलमान; केशवराव दाते आणि गजानन जागीरदार. शेवटचा धरणाचा प्रसंग भाषा न कळताही कळतो. खेळ चालू असताना माइकवर भाषांतर अजिबात नको, त्यानं दोन्ही भाषांचे लोक वैतागतात. दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या कुणालातरी आधी तीन मिनिटं कन्नडमधून गोष्ट सांगायला लावा, शेवट न फोडता. हेही सांगा, की कन्नडमधला पहिला बोलपट 'सती सुलोचना' (१९३४) कोल्हापुरात चित्रित झाला होता. त्याची प्रत आज उपलब्ध नाही.

आता साउंड. मंडळाचा साउंड मिरवणुकीसाठी लावलेला असतो, त्यामुळे 'इको' चालू आणि बास पूर्ण वर. इको शून्यावर आणा. जुन्या फिल्मच्या ध्वनिपट्टीवर खोल बास नसतोच, बास वाढवला की फक्त गुरगुर वाढते. सात-आठ हजार हर्ट्झच्या वरही जवळपास काही नसतं, म्हणून ट्रेबल चढवला की फक्त खरखर वाढते. बास पावभर, ट्रेबल निम्म्याच्या खाली, मिड, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज, निम्म्याच्या थोडा वर. शब्दातली व्यंजनं मिडमध्ये असतात. चार कोपऱ्यांत चार स्पीकर नकोत, आवाज वेगवेगळ्या वेळी कानावर येऊन शब्द फाटतात. पडद्याच्या दोन बाजूंना दोनच, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, किंचित आत वळवून. फरशी आणि पत्र्यामुळे हॉल घुमत असेल तर सतरंज्या अंथरा, मागच्या भिंतीवर जाड पडदे किंवा जाजम टांगा. भरलेला हॉल कमी घुमतो, त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये लावलेला आवाज माणसं आल्यावर एकदा पुन्हा बघावा लागतो.

एक बिघाड असा आहे की तो भल्याभल्या साउंडवाल्यांना बुचकळ्यात टाकतो. लॅपटॉपवरून नवीन गाणं लावलं तर वाजतं, आणि जुना सिनेमा लावला की पात्रं मुकी होतात, नुसती खरखर उरते. लॅपटॉपची स्टीरिओ पिन मिक्सरच्या बॅलन्स्ड माइक इनपुटमध्ये घातली की असं होतं. ते इनपुट डाव्या आणि उजव्या आवाजातला फरकच तेवढा पुढे पाठवतं. जुना सिनेमा मोनो, दोन्हीकडे तोच आवाज, म्हणजे फरक शून्य. उपाय: एका टोकाला साडेतीन एमएमची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए असलेली केबल घ्या आणि मिक्सरच्या लाइन किंवा ऑक्स इनपुटला लावा. काही व्हीसीडींत एकाच बाजूला आवाज असतो. तेव्हा लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेअरच्या ऑडिओ मेनूतल्या स्टीरिओ मोडमध्ये मोनो करा, किंवा ज्या बाजूला आवाज आहे तीच बाजू निवडा.

चित्राचं काम सोपं आहे. शाळेचा प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चा, म्हणजे चारास तीन मापाचा असेल तर उत्तमच. हे सिनेमे जवळजवळ त्याच आकारात काढलेले आहेत. ८ फूट रुंद, ६ फूट उंच चित्रासाठी बहुतेक प्रोजेक्टर १२ ते १५ फुटांवर ठेवावे लागतात. रुंद पडद्याचा प्रोजेक्टर असेल तर दोन्ही कडेला काळ्या पट्ट्या राहू द्या. 'स्ट्रेच' केलंत तर माणसं बुटकी-जाडी दिसतात, 'झूम' केलंत तर फेटे कापले जातात. पिक्चर मोड 'सिनेमा' ठेवा आणि कलर शून्यावर आणा, म्हणजे वाईट प्रतीतली निळी-हिरवी झाक जाते. पांढरी चादर पंख्यानं हलते आणि तिच्यातून उजेड पलीकडे जातो. डिस्टेंपर दिलेली भिंत चादरीपेक्षा बरी, ऑइलपेंटची चकाकणारी नको. पहिली रांग पडद्यापासून १२ फुटांवर.

प्रत घेताना ती पूर्ण आहे का बघा. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर धावते. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसत असेल तर त्यावरची लांबी लिहून घ्या आणि भागाकार करा. १२,००० फूट म्हणजे १३३ मिनिटं. फाइल १०५ मिनिटांची असेल तर तीन-चार गाणी आणि एखादा प्रसंग कुणीतरी उडवलाय. पाच-सहा मिनिटांचीच तूट असेल तर कापाकापी नसेलही. व्हीसीडी-डीव्हीडीसाठी २४ चौकटींची फिल्म सेकंदाला २५ नं पळवली की १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपतो आणि सूर पाऊण पट्टी वर चढतो. पेटी वाजवणाऱ्यांना ते लगेच खटकतं. व्हीएलसीत वेग ०.९६ ठेवा, आणि ऑडिओच्या सेटिंगमधलं 'टाइम-स्ट्रेचिंग' बंद करा, नाहीतर वेग उतरेल पण सूर चढलेलाच राहील. हलणाऱ्या माणसांच्या कडेला फणीसारख्या रेघा दिसत असतील तर 'डीइंटरलेस' चालू करा. चांगल्या प्रती दुर्मीळ का, याला कारणं आहेत. भालजींचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळीत जळाला, आणि पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत नायट्रेट या पटकन पेटणाऱ्या पट्टीवरच्या जुन्या फिल्म गेल्या. त्यामुळे चांगली प्रत हाती आली की दोन डिस्कवर नक्कल ठेवा.

हक्कांचं: सिनेमावरचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९५९ चा सिनेमा २०१९ संपताना मोकळा झाला. 'पिंजरा' (१९७२) मात्र २०३२ संपेपर्यंत नाही. कथा, गीतं आणि संगीत यांचे हक्क वेगळे, ते लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ साली गेले, हिशेब तुम्हीच करा. म्हणून तिकीट लावू नका, आणि मोकळ्या न झालेल्या सिनेमासाठी हक्कदाराचं लेखी पत्र घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे वाचनालयाच्या लेटरहेडवर चौकशी करा, संस्थेच्या पत्राला वजन असतं.

वीज गेली की प्रोजेक्टरचा पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा खराब होतो. प्रोजेक्टर साधारण ३०० वॅट खातो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस काही मिनिटंच टिकतो, पण दिवा रीतसर बंद करून थंड व्हायला तेवढी पुरतात. पूर्ण खेळ चालवायचा तर मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर हवा. तास-सव्वातासानं मध्यंतर द्या आणि शेवटची बस धरता येईल असं बघून वेळ ठरवा. खिडक्यांना काळं कापड असेल तरच दुपारचा खेळ ठेवा.

तुमच्या भागात जून ते सप्टेंबर पत्र्यावरच्या पावसापुढे कुठलाच स्पीकर टिकत नाही, आणि रोप लावणीत माणसंही नसतात. ऑक्टोबरला सुरुवात करून मेअखेर आठ खेळ करा. पावसाळ्यात हॉलऐवजी स्लॅबच्या खोलीत दहा-पंधरा जणांनी बसून पुढच्या वर्षाच्या प्रती तपासा. फाइलची लांबी, आवाजाची बाजू, कुठलं गाणं गायब आहे, हे एका वहीत लिहून ठेवा.