९ महिन्यांचं बाळ खेळणं चुकीच्या जागी का शोधतं?

तुम्ही विचारलंय की डोळ्यांदेखत खेळणं दुसऱ्या रुमालाखाली लपवलं तरी मुलगा पहिल्याच रुमालाखाली हात घालतो, काही गडबड तर नाही ना. अहो नाही, साधारण ८ ते १२ महिन्यांत बाळं हेच करतात. माझ्या लेकीचंही सेम. किल्ल्यांचा जुडगा दोन-तीनदा डाव्या उशीखाली ठेवला, तिने झटक्यात काढला, मग तिच्यासमोरच उजव्या उशीखाली सरकवला तर बाईसाहेबांची नजर उजवीकडे आणि हात डावीकडे!

बालमानसशास्त्रज्ञ पियाजेने हे स्वतःच्या पोरांमध्ये बघितलं होतं, आणि त्याचं म्हणणं असं की बाळाला वस्तू आणि तिची जागा अजून नीट वेगळी करता येत नाही. मला ते पूर्ण पटत नाही, कारण १९८७ मध्ये रने बायार्जाँ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक पडदा खोक्यापुढे उभा करून असा मागे पाडला की जणू खोकं तिथे नाहीच, तर साडेचार महिन्यांची बाळं (काही तर साडेतीनचीच) नेहमीपेक्षा जास्त वेळ टक लावून बघत बसली. अनपेक्षित काही दिसलं की बाळं असंच जास्त वेळ बघतात, म्हणजे झाकलेलं खोकं तिथेच आहे हे त्यांना कळत होतं.

मग अडतं कुठे? एक तर हाताला सवय लागलेली असते आणि ती आवरणं या वयात जड जातं, त्यात लपवल्यावर थांबायला लावलं की संपलंच. एडेल डायमंड या संशोधिकेच्या अभ्यासात साडेसात महिन्यांची बाळं दोनेक सेकंदांतच चुकायची, वर्षाची झाल्यावर दहाएक सेकंद तग धरायची.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते २००८ चं हंगेरीतलं काम. लपवणाऱ्याने बाळाकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, एवढंच केलं तर १० महिन्यांच्या बाळांच्या चुका बऱ्याच कमी झाल्या. म्हणजे आपण डोळ्यांत बघून, लाडाने हाक मारून लपवतो तेव्हा बाळाला बहुतेक वाटतं की हे मला काहीतरी शिकवतायत, ‘ही वस्तू इथे असते’ असं. तुमचा मुलगा कदाचित तुमचं जरा जास्तच ऐकतोय!

तुम्हीही मान खाली घालून, गप्प राहून लपवून बघा. मी कपड्यांच्या घड्या घालायचं नाटक करत केलं होतं, दोनदा बरोबर सापडलं, तिसऱ्यांदा जुडगा राहिला बाजूला आणि तिने उशीच तोंडात घातली.