फोनसाठी वेगळी वेबसाइट आता ठेवावी का?

तुमचा प्रश्न असा की, दुकानाची मुख्य साइट आहे आणि फोनसाठी ‘एम डॉट’वाली, म्हणजे जिचा पत्ता ‘m.’ नं सुरू होतो अशी, वेगळी साइट आहे. आता फोनचे ब्राउझर इतके सुधारलेत, तर त्या दुसरीवर आणखी पैसे घालायचे की ती बंद करायची?

बंद करा. पण आधी तिच्यातलं काय उचलून ठेवायचं ते बघा. माझ्या हातून ते एकदा राहिलंय.

२०१२ साली दादरच्या एका साडीच्या दुकानासाठी मी अशाच दोन साइट बांधल्या होत्या. तेव्हा त्यात काही गैर नव्हतं. आयफोनचा सफारी ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद धरायचा आणि ते सगळं बोटभर स्क्रीनवर बसवायचा, अक्षरं मुंग्यांएवढी. आणि गिऱ्हाइकांकडे आयफोन होते कुठे? बहुतेकांकडे साधा फोन आणि त्यात ऑपेरा मिनी हा ब्राउझर, जो पान आपल्या सर्व्हरवर आवळून मग फोनला पाठवायचा. अशा फोनला हलकं, वेगळं पान देणं म्हणजे उपकारच होते.

घोळ झाला तो भावांचा. दोन साइट म्हणजे किमती दोनदा भरायच्या. दिवाळीच्या धांदलीत मुख्य साइटवर नवे भाव चढले, मोबाइलच्या साइटवर गेल्या वर्षीचेच राहिले. एक बाई कल्याणहून आल्या आणि काउंटरवर फोन ठेवून म्हणाल्या, ‘‘हे बघा, तुमचंच आहे ना? १,८५०.’’ साडीवर चिठ्ठी २,२०० ची. शेठनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि साडी १,८५० ला बांधून दिली. मला त्या दिवशी चहा विचारला नाही.

तोवर खरं तर उपाय आलेला होता. ईथन मार्कॉट या वेब डिझायनरनं २०१० मध्येच ‘रिस्पॉन्सिव्ह’ ही कल्पना मांडली होती: पान एकच, स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलते. एप्रिल २०१५ पासून गूगल फोनवरच्या शोधात फोनवर नीट दिसणाऱ्या पानांना झुकतं माप देऊ लागलं आणि पुढे तर साइटची नोंदच तिच्या मोबाइल रूपावरून घेऊ लागलं. म्हणजे ज्याला आपण दुय्यम समजत होतो तेच मुख्य झालं. शिवाय ‘एम डॉट’ला समोर कुठलं यंत्र आहे ते ओळखावं लागतं, आणि तो अंदाज आता चुकतो. २०१९ पासून आयपॅडचा सफारी आपली ओळख मॅक म्हणूनच सांगतो. उलटाही त्रास आहेच: कुणी फोनवरून लिंक पाठवली की ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर ते किडकिडीत पान उघडतं.

(‘मग ॲपच काढू’ असं कुणी सुचवेल. कपडे विकणाऱ्या मिंत्रानं मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं होतं. २०१६ मध्ये वेबसाइट परत आणावी लागली. तुमचं तर एक दुकान आहे.)

आता माझी चूक. २०१६ ला मी दोन्ही साइट एक केल्या. पान देखणं झालं, वर पाच मोठ्या फोटोंची सरकती पट्टी. महिन्याभरात शेठ म्हणाले, ‘‘फोन येणं कमी झालंय रे. जुनं बरं होतं.’’ जुन्या मोबाइल साइटवर सगळ्यात वर दुकानाचा नंबर, वेळ आणि ‘स्टेशनवरून कसं यायचं’ एवढंच होतं, कारण तिथे दुसरं काही मावतच नव्हतं. नव्या पानात तोच नंबर तळाशी गेला. त्यात फोनवर मी ते फोटो सीएसएसनं, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडनं, नुसते लपवले होते, आणि लपवलेला फोटोही बहुतेक वेळा उतरतोच. दिसत काही नाही, डेटा मात्र जातो. स्क्रीनच्या मापाचाच फोटो पाठवायला पानाच्या कोडमध्ये ‘सोर्ससेट’ (srcset) वापरावं लागतं, ते मी नंतर केलं.

ब्राउझर कितीही सुधारू दे, संध्याकाळच्या लोकलमध्ये एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पान सरकवणारा माणूस तोच आहे. तुमच्या डेव्हलपरला नवं पान तिथे उभं राहून उघडायला सांगा. ऑफिसच्या वायफायवर सगळंच छान दिसतं.

जुना पत्ता बंद करताना प्रत्येक पान त्याच्या नव्या पानाकडे कायमच्या रीडायरेक्टनं, म्हणजे ३०१ नं, वळवा. सरसकट होमपेजवर ढकलू नका. पैठणी बघायला आलेल्या माणसाला ‘सुस्वागतम्’ नको असतं. आणि ते वळण लवकर काढू नका. आमच्या शेठनी तेव्हा कापडी पिशव्यांवर ‘एम डॉट’चाच पत्ता छापून घेतला होता. त्या पिशव्या दादरच्या भाजी गल्लीत मला अजून दिसतात.