इंग्लंडमधील जुन्या काउंटी आजही आहेत का, आणि ग्रामीण भागासाठी कोणती निवडावी?

१९७४ च्या प्रशासकीय फेररचनेत अनेक काउंटींच्या सीमा बदलल्या, तरी लोकांच्या मनात जुनी नावे टिकून आहेत. एकच पाहायची असेल, तर माझ्या मते सर्वांत लहान ऐतिहासिक काउंटी, म्हणजे रटलंड, निवडावी. त्या वेळी ती लेस्टरशायरमध्ये विलीन झाली होती. परंतु स्थानिकांनी चिकाटी न सोडल्यामुळे १९९७ मध्ये तिला स्वतंत्र कारभार परत मिळाला.

ओकहॅम या मुख्य गावातील किल्ल्याचे बाराव्या शतकातील दगडी दालन चुकवू नये. गावात प्रथमच येणाऱ्या उमरावाने घोड्याचा नाल भेट द्यावा, अशी येथील प्रथा असल्याने भिंतींवर दोनशेहून अधिक नाल टांगलेले आहेत. त्यांतील बरेचसे नक्षीदार, मुकुटांकित आणि कोणत्याही घोड्याच्या खुरापेक्षा कितीतरी मोठे आहेत (मानपानाची हौस सगळीकडे सारखीच!), आणि सर्वांची टोके खाली वळलेली आहेत. शेजारच्या अपिंगहॅम गावातील शाळा १५८४ मधील आहे. १९७० च्या दशकात बांधलेल्या रटलंड वॉटर जलाशयात नॉर्मंटनचे चर्च बुडणार होते. त्याचा खालचा भाग दगडांनी भरून ते वाचवण्यात आले, त्यामुळे आता ते पाण्यात अर्धवट उभे दिसते. ओकहॅमला रेल्वे स्थानक आहे.