माळ्यावर टाकलेली वही

प्रश्न : मी दोडामार्ग तालुक्यात माध्यमिक शिक्षक आहे. मुलीने दोनदा नीट दिली, दोन्ही वेळा सरकारी एमबीबीएस थोडक्यात हुकलं. यंदाच्या गुणांवर पशुवैद्यकीयला नंबर लागेल. ती म्हणते, मला तेच करायचंय, प्राण्यांपासून माणसांना होणाऱ्या आजारांवर संशोधन करायचंय. माझं म्हणणं, माणसांच्या आजारावर काम करायचं तर माणसांचा डॉक्टर हो. ढोरांची डॉक्टर होऊन काय करणार? आणखी एक वर्ष थांबून तिने तिसऱ्यांदा नीट द्यावी. प्रवेशाचा पासवर्ड माझ्याकडे आहे, पशुवैद्यकीयचा पसंतीक्रम मी भरलेला नाही. आमच्याकडे माकडताप आला तेव्हापासून ती एका वहीत कुठे माकड मेलं, कुणाला ताप आला असलं काहीबाही लिहीत बसते. अभ्यास सोडून हा उद्योग चालतो म्हणून मी ती वही माळ्यावर टाकली. महिनाभर ती आमच्याशी बोलत नाही, धड जेवतही नाही. तिला कसं समजवावं?

उत्तर : सर, तिला समजवायला मी तुम्हाला मदत करणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमची फसगत होणार नाही.

गुण, कॉलेज, पसंतीक्रम हे सगळं नंतर. ती महिनाभर बोलत नाही आणि जेवत नाही, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत. मी तिथेच अडकले. हा रुसवा आहे असं तुम्हाला वाटतं का? रुसलेलं लेकरू चार दिवसांत ताटावर येतं. तुमच्या मुलीने दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला, निकाल लागला, आपल्याला हवं ते आता मिळतंय हे तिला दिसलं, आणि नेमका तेव्हा पासवर्ड वडिलांनी स्वतःकडे ठेवला. बोलून काही होणार नाही, हे तिला कळून चुकलंय. असा अबोला मी अनेक घरांत पाहिलाय आणि मला त्याची भीती वाटते. ती रात्री झोपते का, मैत्रिणींचे फोन घेते का, ते तिच्या आईला विचारा. जेवण तुटलं असेल, रात्र रात्र जागत असेल, जगण्याला कंटाळल्यासारखं काही बोलली असेल, तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे. दोन वर्षं तुम्हीही याच ताणात काढली आहेत.

आता त्या वहीबद्दल. तुम्ही तिला ‘उद्योग’ म्हणालात. कुठे, कधी, कोण. साथीच्या आजारांचा अभ्यास या तीन रकान्यांपासून सुरू होतो, आणि तुमच्या मुलीने ते स्वतःच्या बुद्धीने आखले. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. माकडंही मरतायत म्हटल्यावर पहिली शंका पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची, आली, कारण तो माकडांनाही मारतो आणि आशियात तो तोवर आलेला नव्हता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचं पथक तिथे पोचलं आणि वेगळाच, गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू हाती लागला. ते केंद्र म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, आपली एनआयव्ही. तोच हा माकडतापाचा विषाणू, २०१६ साली तुमच्या तालुक्यात आला. पुढचं तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय : माकड मरतं, त्याच्या अंगावरच्या गोचिडी पातेऱ्यात उतरतात आणि काजू वेचायला गेलेल्या बाईच्या पायाला चिकटतात. म्हणून मेलेलं माकड हा गावाला मिळालेला सगळ्यात पहिला इशारा. यंत्रणा वेळेवर कळवा म्हणून विनवण्या करते ते याचसाठी. तुमच्या लेकीने प्राथमिक शाळेत असल्यापासून तो इशारा टिपून ठेवलाय. मी इतकी वर्षं या कामात आहे, बारावीनंतरची शेकडो मुलं भेटतात, ‘मला रिसर्च करायचाय’ म्हणतात आणि कशावर म्हटलं की गप्प होतात. इथे कशावर ते आधी ठरलंय, कॉलेज नंतर येतंय.

माणसांच्या आजारावर संशोधन करायचं तर एमबीबीएसच लागतं, हा तुमचा मुख्य मुद्दा. तुम्ही एकटेच असं मानत नाही, मला येणाऱ्या निम्म्या पत्रांत हेच असतं. माणसाच्या ज्ञात संसर्गजन्य आजारांपैकी सुमारे ६० टक्के प्राण्यांशी जोडलेले आहेत. रेबीज, लेप्टो, प्लेग, बर्ड फ्लू, निपाह. १९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये मेंदूज्वराचे रुग्ण येऊ लागले. डासांमुळे होणारा सेंट लुईस मेंदूज्वर, असं निदान झालं. त्याच सुमारास ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयाच्या आवारात कावळे मरून पडत होते, मग आतले फ्लेमिंगोही मेले. तिथल्या पशुवैद्यक ट्रेसी मॅकनमारा यांनी या पक्ष्यांची शवविच्छेदनं केली होती. सेंट लुईसचा विषाणू पक्ष्यांना असा मारत नाही, मग हे काय आहे, हा प्रश्न त्यांनी लावून धरला आणि नमुने एका प्रयोगशाळेतून दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवत राहिल्या. तो निघाला वेस्ट नाईल विषाणू, अमेरिका खंडात पहिल्यांदाच सापडलेला. माणसांचे डॉक्टर माणसं तपासत होते, त्यात त्यांची चूक नव्हती. पण उत्तर पक्ष्यांत होतं आणि पक्षी उघडून पाहणारी बाई पशुवैद्यक होती. आणखी एक नाव सांगते, नातेवाइकांना सांगायला उपयोगी पडेल. १९९६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेले पीटर डोहर्टी शिक्षणाने पशुवैद्यक. ‘ढोरांचे डॉक्टर’च.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर एका गोठ्यातली गोष्ट सांगते. माझी एक जुनी विद्यार्थिनी पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी पशुवैद्यक, आहे. तिच्याबरोबर एकदा फिरतीवर गेले होते. सातव्या महिन्यात गाय गाभडली होती, वार अडकली होती आणि घरातली बाई ती नुसत्या हाताने ओढत होती. हिने आधी त्या बाईला मागे ओढलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले, मग खांद्यापर्यंतचे हातमोजे चढवून स्वतः गाईकडे वळली. काम संपल्यावर विचारलं, “घरात कुणाला संध्याकाळचा ताप येतो का? कंबर, सांधे धरतात का?” नवऱ्याला चार महिने ताप येत-जात होता. टायफॉइड समजून औषधं चालू होती. गाईच्या रक्ताची तपासणी माझ्यासमोर झाली : पांढऱ्या फरशीवर रक्तजलाचा एक थेंब, त्यात गुलाबी द्रावाचा एक थेंब, काडीने ढवळलं आणि चार मिनिटांत त्यात रव्यासारखे कण दिसू लागले. ब्रुसेलोसिस, म्हणजे गुरांकडून माणसांना होणारा एक आजार, असण्याची दाट शक्यता. त्या माणसाला तिने चिठ्ठी लिहून जिल्हा रुग्णालयात पाठवलं, तिथे तोच आजार निघाला. चार महिने जे कुणाला सुचलं नाही ते तिला गोठ्यात उभं राहून सुचलं.

रस्ता तुम्ही शोधलाच असेल : साडेपाच वर्षांची पदवी, मग पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.व्ही.एस्सी. ही पदव्युत्तर पदवी, मग पीएच.डी. शिरवळ, मुंबई, परभणी, उदगीर, नागपूर ही आपली कॉलेजं. एनआयव्ही पुण्यात आहे, नागपुरात ‘वन हेल्थ’ची, म्हणजे माणसं, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणारी, राष्ट्रीय संस्था उभी राहतेय, भोपाळ आणि इज्जतनगरला प्राण्यांच्या आजारांच्या मोठ्या संस्था आहेत. पदवीनंतर मन बदललं तर एमपीएससी आणि दवाखाना आहेच.

यातलं कठीण आहे तेही मुलीला सांगा, माझं नाव घेऊन सांगा. पीएच.डी. होईपर्यंत तिशी येईल. संशोधनातल्या सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक कंत्राटी असतात, प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. टीव्हीवर दिसणारा पांढरा सूट फार पुढे मिळतो, त्याआधी कित्येक वर्षं शेण, रक्त आणि चावऱ्या कुत्र्यांची. रेबीजची प्रतिबंधक इंजेक्शनं आधीच घ्यावी लागतील. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पंधरा दिवस रोज सकाळी जाऊन बसायला सांगा. तिथून घाबरून परत आली तर तो निर्णय तिचा असेल, आणि तेव्हा आपण एमबीबीएसवरही बोलू.

तिसऱ्या नीटबद्दल माझं मत स्पष्ट आहे : नको. दोन वेळा थोडक्यात हुकलं म्हणजे तिसऱ्या वेळी मिळेल, असा काही नियम नाही. न मागितलेल्या गोष्टीसाठी तिसरं वर्ष घालवलेली मुलं पुढे मिळालेल्या गोष्टीवरही प्रेम करू शकत नाहीत. हे मी पाहिलंय.

पासवर्ड आज तिला द्या. पसंतीक्रम तिच्या हाताने भरू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा. प्रवेशफेरीची शेवटची तारीख संकेतस्थळावर आत्ता, हे वाचून झाल्या झाल्या बघा. उशीर झाला असेल तर पुढच्या फेरीची माहिती काढून ठेवा आणि तिला सांगा की चूक माझ्याकडून झाली. मग शिडी लावा, माळ्यावरची वही काढा, धूळ पुसा आणि तिच्या टेबलावर ठेवा. काजूचा हंगाम सुरू होईल तेव्हा तिला ती लागेल.