वगळायच्या यादीतली एक रिकामी नोंद

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाची संगणकप्रणाली मी सांभाळतो. यंदा ज्यांचा माल अद्याप आलेला नाही, अशा शेतकऱ्यांची यादी काढण्यासाठी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या क्वेरीत (माहिती मागवणाऱ्या आज्ञेत) पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, झालेल्यांचे क्रमांक ‘नॉट इन’ने वगळले आहेत. गेल्या हंगामात हीच क्वेरी बिनचूक चालली; आता एकही नाव येत नाही आणि एररही दिसत नाही. शिवाय काही क्रमांक प्रोग्रॅममधूनच वगळायचे असल्यास ते कसे द्यावेत?

उत्तर : पट्ट्यांच्या टेबलमध्ये शेतकरी क्रमांकाचा रकाना ‘नल’ राहिलेली नोंद आहे का, ते आधी पाहावे. खाते नसलेल्या शेतकऱ्याची पट्टी घाईत करताना तो रकाना सुटतो, आणि तशी एकच नोंद सगळी यादी रिकामी करण्यास पुरेशी असते. ‘नल’ म्हणजे शून्य नव्हे. मूल्य ठाऊक नाही, एवढेच ते सांगते. समजा १०१, १०४ आणि नल हे वगळायचे आहेत. शेतकरी क्रमांक १०७ तपासताना तो १०१ नाही हे खरे ठरते, १०४ नाही हेही खरे ठरते. पण त्या ठाऊक नसलेल्या क्रमांकाहून तो वेगळा आहे का, याचे उत्तर ‘अज्ञात’ येते. तिन्ही अटी ‘अँड’ने जोडल्यासारख्या असल्यामुळे अंतिम उत्तरही अज्ञातच राहते, आणि ‘व्हेअर’ या अटीच्या भागातून फक्त खऱ्या ठरलेल्या ओळीच पुढे जातात. एसक्यूएलच्या नियमांप्रमाणे यात काहीच चुकलेले नाही, म्हणून एरर नाही; हिशेबाच्या कामात हेच मला सर्वांत धोक्याचे वाटते.

वगळायचे क्रमांक काढणाऱ्या आतल्या क्वेरीत ‘इज नॉट नल’ ही अट घातल्यास यादी लगेच येईल. तरीही माझा आग्रह ‘नॉट एक्झिस्ट्स’चा आहे, कारण त्यात त्या शेतकऱ्याच्या क्रमांकाशी जुळणारी पट्टी आहे की नाही एवढेच पाहिले जाते आणि रिकामी नोंद कोणाशीच जुळत नसल्याने आड येत नाही.

प्रोग्रॅममधून क्रमांक देताना ते जोडून क्वेरीची ओळ तयार करू नये. प्रत्येक क्रमांकासाठी स्वतंत्र पॅरामीटर, म्हणजे क्वेरीत राखलेली जागा आणि तिचे वेगळे दिलेले मूल्य, द्यावा. यादी रिकामी असेल तर ती अटच गाळावी, अन्यथा मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस ‘नॉट इन’च्या रिकाम्या कंसावर सिंटॅक्स एरर देतात. क्रमांक हजारोंच्या घरात गेल्यास मात्र ते तात्पुरत्या टेबलमध्ये भरून तिथेही ‘नॉट एक्झिस्ट्स’च वापरावे.